डोकं ‘फ्री साइज’ नसतं : स्पर्धा-आयोजकांना आणि सुरक्षा-वस्त्रं बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मोटर रॅली आणि रेसिंगच्या स्पर्धा भरवणारे क्लब, स्पर्धेआधी तपासणी करणारे स्क्रुटिनियर आणि ड्रायव्हरांची सुरक्षा-वस्त्रं शिवणारे-विकणारे व्यावसायिक यांस,

स. न. वि. वि.

यंदाच्या हंगामात नवोदित स्पर्धकांना जे साहित्य दिलं जाणार आहे, त्याची यादी एका क्लबने गेल्या महिन्यात पाठवली. ओव्हरऑल पाच मापांत, बूट नऊ मापांत, हातमोजे चार मापांत. यादीच्या तळाशी एक ओळ होती : ‘बालाक्लाव्हा, फ्री साइज, प्रत्येकी एक नग.’ बालाक्लाव्हा म्हणजे हेल्मेटच्या आत घालायची आगरोधक टोपी. मी त्याच दिवशी लेखी विनंती केली. बालाक्लाव्हाही मापांत घ्यावा, आणि ऑर्डर देण्याआधी आठ-दहा ड्रायव्हरांना तो हेल्मेटखाली घालून बघू द्यावा, एवढीच. उत्तर एका ओळीचं आलं : हा आरामाचा मुद्दा आहे, सुरक्षेचा नाही.

त्या क्लबचं नाव मी घेत नाही. हेच उत्तर मला याआधी एका विक्रेत्याकडून आणि एका तपासणीच्या टेबलावरही मिळालेलं आहे, म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे. आणि ते उघडपणे लिहिते आहे, कारण हा कपडा ज्यांच्या मुलांच्या डोक्यावर चढणार आहे त्या घरांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

मी कोल्हापूरची. इचलकरंजीला टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला, चार वर्षं तिरुपूरच्या एका होजिअरी कारखान्यात पॅटर्न कापले, आणि आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्री कामगारांचे आगरोधक ऍप्रन, बाह्या आणि टोप्या शिवण्याचं छोटं युनिट चालवते. माझा धाकटा भाऊ रॅली चालवतो. सहा वर्षं त्याच्या शेजारच्या सीटवर बसून पेस नोट्स, म्हणजे पुढची वळणं सांगणारी टिपणं, मी वाचते. म्हणजे हा कपडा मी शिवणारीच्या नजरेने बघते आणि घालणारीच्या कातडीवर सोसते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. हेल्मेटच्या आत डोकं, कान, गाल, हनुवटी आणि मान झाकणारी विणलेली टोपी म्हणजे बालाक्लाव्हा. डोळ्यांपुरती फट असते आणि खालचा घेर ओव्हरऑलच्या कॉलरच्या आत खोचायचा असतो. आमच्या आईसाठी ती माकडटोपीच, आणि आकाराने ती खरोखर तशीच आहे. फरक धाग्याचा. माकडटोपीचं ऍक्रिलिक आगीत वितळून कातडीला चिकटतं. ही टोपी मेटा-अरामिडची, म्हणजे नोमेक्ससारख्या धाग्याची असते. तो वितळत नाही, ठिबकत नाही, काळा पडून जाड होतो आणि आग व कातडी यांच्यात काही सेकंद उभा राहतो. गाडीचा पट्टा सोडून, दार उघडून बाहेर पडायला तेवढेच सेकंद हातात असतात.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, घाटमाथ्यावरच्या एका रॅलीत, दुपारच्या तिसऱ्या स्टेजआधी, म्हणजे घड्याळ लावून धावायच्या टप्प्याआधी, भाऊ सर्व्हिस पार्कमध्ये, गाड्यांच्या दुरुस्तीच्या तळावर, म्हणाला, “ताई, गळ्याशी दाटतंय गं.” त्याचा बालाक्लाव्हा सकाळपासून घामाने निथळत होता. दोन स्टेज झाल्या होत्या, सुकवायला वेळ नव्हता, दुसरा नग नव्हता. ओलं झालेलं कापड आखडून मानेवरून वर ओढलं जात होतं आणि मान वळवली की गळ्याला काचत होतं. त्याने खालचा घेर कॉलरमधून बाहेर काढला. मी पाहिलं, आणि बोलले नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

त्या स्टेजमध्ये एका उंचवट्यावरून गाडी आपटली, इंधनाच्या नळीचा जोड सुटला आणि ज्वाळा डॅशबोर्डखालून आत आली. आगशामक यंत्रणा चालली, आम्ही दोघं बाहेर पडलो. गाडी वाचली नाही, आम्ही वाचलो. भावाच्या डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत दोन बोटं रुंदीची पट्टी भाजली. कापड जिथे होतं तिथे कातडीला काहीही झालं नाही. जिथून ते वर सरकलं होतं, बरोबर तेवढीच पट्टी. इतकी सरळ, की शिवणकाम करणाऱ्या माणसाला ती कापाची रेघ वाटावी.

अहवालात लिहिलं गेलं : ‘स्पर्धकाने बालाक्लाव्हा नियमाप्रमाणे परिधान केलेला नव्हता.’ वाक्य खरं आहे. पण तो नियमाप्रमाणे का घातला गेला नाही, हे विचारायला कुणीही आमच्याकडे आलं नाही. माझं भांडण त्या न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

फाउंड्रीत हे आम्ही फार आधी शिकलो. भट्टीपुढच्या माणसाला ऍप्रन काखेत काचत असेल, तर दुपारनंतर तो ऍप्रन खुंटीला दिसतो. मग त्याचं कापड कितीही भारी असो, प्रमाणपत्र कुठलंही असो. अंगावर नसलेला कपडा शून्य सेकंद वाचवतो. म्हणून आमच्याकडे नवीन नमुना आधी कामगार आठवडाभर घालतो आणि मग कापायला जातो.

रेसिंगच्या इतिहासानेही हेच शिकवलं आहे, आणि फार महागात शिकवलं आहे. २४ मे १९६४ रोजी अमेरिकेत शार्लट इथल्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स हा नामवंत ड्रायव्हर आगीत सापडला आणि २ जुलैला गेला. त्या काळी कापसाचे कपडे आगरोधक रसायनाच्या द्रावणात बुडवून वापरत. ते रसायन त्याच्या दम्याला सोसत नव्हतं, म्हणून तो तसे कपडे घालत नसे. उपाय उपलब्ध होता, पण तो त्या माणसाच्या शरीराला मानवणारा नव्हता. शार्लटच्या त्या आगीनंतर सहाच दिवसांनी, ३० मेला, इंडियानापोलिसच्या शर्यतीत डेव्ह मॅकडोनाल्ड आणि एडी सॅक्स हे दोघे आगीतच गेले. मग इंधन आणि कापड दोन्हीकडे लक्ष गेलं. नोमेक्सचा सूट आला, आणि १९६७ च्या इंडियानापोलिसला ३३ पैकी ३० ड्रायव्हरांच्या अंगावर बिल सिम्पसनने शिवलेले नोमेक्सचे सूट होते. इतक्या लोकांनी तो घातला, कारण, मला वाटतं, रसायनाच्या वासाने कोंडवणाऱ्या कपड्यापेक्षा तो अंगाला सोसत होता.

१ ऑगस्ट १९७६ ला जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता निकी लाउडा याचं हेल्मेट अपघातात निघून गेलं आणि डोकं, चेहरा, कान भाजले. सहा आठवड्यांनी तो मोंझाला परत शर्यतीत उतरला आणि चौथा आला. पण डोक्यावरचं आवरण जागेवर राहणं म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्याने उरलेलं आयुष्यभर जगाला दाखवलं. १९९४ साली हॉकेनहाइमच्या पिटमध्ये इंधन भरताना भडका उडाला तेव्हा योस व्हर्स्टाप्पेनच्या हेल्मेटचा व्हायझर उघडा होता. त्याचा चेहरा भाजला. आणि २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमां ग्रोजां ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यात घुसला, गाडीचे दोन तुकडे झाले, आणि २७ सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. भाजले ते प्रामुख्याने हात. चेहरा आणि मान सुरक्षित राहिली, कारण हेल्मेट, व्हायझर आणि आतलं कापड तिन्ही जिथे असायला हवं तिथे होतं.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली मापाची. होजिअरीच्या कापडाला ताण असतो, म्हणून ‘कुणालाही बसतं’ असं तुम्ही गृहीत धरता. ताणल्यावर विणीचे फासे उघडतात, कापड पातळ होतं आणि त्यात धरून ठेवलेली हवा निघून जाते. आगीपासून आपल्याला जितकं कापड वाचवतं तितकीच ही अडकलेली हवा वाचवते. त्यामुळे मोठ्या डोक्यावर चढवलेला लहान बालाक्लाव्हा प्रयोगशाळेत पास झालेला बालाक्लाव्हा उरत नाही. ही माझी कल्पना नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमावलीच्या परिशिष्ट ‘एल’मध्येच इशारा आहे की कपडे फार घट्ट नसावेत, कारण त्याने संरक्षण कमी होतं. ज्या नियमावलीच्या नावाने तुम्ही आमचा बालाक्लाव्हा तपासता, तिच्यातलंच हे वाक्य ऑर्डर देताना का वाचलं जात नाही? उलट बाजूने, लहान चणीच्या मुलीच्या डोक्यावर हाच ‘फ्री साइज’ सैल पडतो, कपाळावरून खाली सरकतो आणि वळणाच्या मध्ये डोळ्यावर येतो. त्यावेळी हात स्टिअरिंगवरून काढता येत नाही.

दुसरी शिवणीची. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नगांत कपाळाच्या मध्यापासून मानेपर्यंत एकच शिवण जाते. कापायला ते सोपं, कापड वाया जात नाही. पण ती ओव्हरलॉकची जाड कड हेल्मेटच्या फोमखाली बरोबर टाळूवर दाबली जाते. पहिल्या दहा मिनिटांत काही वाटत नाही. एका तासाने डोक्यात खिळा मारल्यासारखं होतं. रॅलीचा दिवस आठ-आठ तासांचा असतो. शिवण फ्लॅटलॉकची, म्हणजे चपटी, बाहेरच्या अंगाला आणि कानामागून दोन बाजूंनी नेली तर हा प्रश्न उरत नाही. कापड थोडं जास्त लागतं, एवढंच. दोराही बघा. मी उसवून पाहिलेल्या एका नगात कापड अरामिडचं आणि शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची निघाली. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळतं. कापड टिकेल आणि शिवण सुटेल, अशा वस्तूला संरक्षण कसं म्हणायचं?

तिसरी घामाची, आणि इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण हीच गोष्ट आपल्या हवेत सगळ्यात महत्त्वाची आहे. आगीची मुख्य चाचणी अशी होते : कापडाच्या सपाट तुकड्याखाली प्रति चौरस मीटर ८० किलोवॉट तीव्रतेची ज्वाळा धरतात आणि वरचा संवेदक २४ अंशांनी तापायला किती सेकंद लागतात ते मोजतात. कातडीला फोड यायला किती वेळ मिळेल याचा तो अंदाज. चाचणी उत्तमच आहे. पण तो तुकडा ठरावीक तापमानात आणि ठरावीक दमटपणात ठेवलेला असतो. मे महिन्यात चार तास डोक्यावर राहून पिळून काढण्याजोगा झालेला नसतो. कापडातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की काय होतं, हे ज्याने ओल्या फडक्याने तवा धरला आहे त्याला सांगावं लागत नाही. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता पुढे पाठवतं, आणि फार तापलं तर वाफ होऊन कातडीवरच येतं.

नुसतं मेटा-अरामिड घाम फारसा पीत नाही. कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा सहज धरतो, अरामिड त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीचा घाम कातडीवरच राहतो, कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात. यावर उपाय आहेत आणि ते नवे नाहीत. आगरोधक व्हिस्कोजच्या धाग्यातच आगरोधक रसायन मिसळलेलं असतं, तो मऊ असतो आणि घाम कापसापेक्षाही चांगला शोषतो. अरामिडबरोबर त्याचं मिश्रण करून आतला थर विणला तर कातडीला कोरडेपणा मिळतो. आगीत कापड फाटू नये म्हणून त्यात थोडा पॅरा-अरामिड, म्हणजे केव्हलरच्या जातीचा धागा घालतात. नोमेक्सच्या एका प्रसिद्ध मिश्रणात त्याचं प्रमाण पाच टक्के असतं. हे सगळं अग्निशमन दलाच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या कपड्यांत रोज वापरलं जातं. ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत ते का पोहोचत नाही?

उष्णता हा ‘आरामाचा मुद्दा’ आहे असं म्हणणाऱ्यांनी कतार आठवावं. ८ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या फॉर्म्युला वन शर्यतीत एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटने शर्यत सोडली, लान्स स्ट्रोलची शुद्ध हरपत होती. ही जगातली सगळ्यात तयारीची शरीरं. त्यानंतर एफआयएने नियम केला : उष्णता निर्देशांक ३१ अंशांवर जाण्याचा अंदाज असेल तर ‘हीट हॅझर्ड’ जाहीर करायचा आणि गाडीत ड्रायव्हरला थंड ठेवणारी यंत्रणा बसवायची. २०२५ च्या सिंगापूर शर्यतीत तो पहिल्यांदा जाहीर झाला. म्हणजे जागतिक संघटनेने मान्य केलं की तापलेला ड्रायव्हर हा असुरक्षित ड्रायव्हर आहे. ३१ अंशांचा निर्देशांक आमच्याकडे मार्चच्या दुपारी असतो. थंडाव्याचं जाकीट आमच्यापैकी कुणाला परवडणार नाही. पण डोक्यावरची टोपी नीट शिवणं परवडू शकतं.

चौथी तक्रार माझ्या सीटवरून आहे. ड्रायव्हरच्या कानात स्टेजभर को-ड्रायव्हरचा आवाज असतो. ‘राइट फोर, शंभर, लेफ्ट टू, डोन्ट कट.’ आकडा म्हणजे वळण किती तीव्र ते. या चार सूचनांत एक जरी नीट ऐकू आली नाही तर गाडी दरीच्या बाजूला जाते. माझ्या तोंडावर दुहेरी थराचं कापड असतं, ते श्वासाने भिजतं, दर ओळीला ओठांना चिकटतं आणि इंटरकॉमच्या माइकवर घासतं. ‘टू’ आणि ‘थ्री’ यांत मग फक्त अंदाज उरतो. भावाने दोनदा मला स्टेजमध्ये “परत सांग” म्हटलं आहे. त्या सेकंदात गाडी साधारण तीस मीटर पुढे गेलेली असते. मीही मग बाकीच्यांसारखं करते, तोंडावरचं कापड हनुवटीखाली ओढते. म्हणजे नियम मोडते. एफआयएच्या नियमात को-ड्रायव्हरला हातमोज्यांची सक्ती नाही. हातात वही असते, पानं उलटायची असतात. कामाची गरज ओळखून नियम वाकवायची पद्धत आहेच तर. मला तर नियम वाकवून नको आहे. मला तोंडासमोर कापडाला थोडी फुगवटी हवी आहे. एक छोटी कळी घातली की कापड ओठांपासून सुटं राहतं, चेहरा झाकलेलाही राहतो आणि शब्दही स्पष्ट जातो. पाण्याची नळी त्याच कळीच्या कडेने आत घेता येते. परकराला आणि पायजम्याला पिढ्यान्‌पिढ्या कळी घालणाऱ्या आपल्या लोकांना हे सुचायला कठीण नाही. विचारायला हवं होतं.

चष्म्याबद्दल थोडक्यात. एकच आडवी फट असलेल्या बालाक्लाव्हात चष्म्याच्या काड्या कापडाबाहेर ठेवल्या तर हेल्मेट त्या कानशिलावर दाबतं, आत घेतल्या तर चष्मा वाकडा होतो. कानशिलापाशी दोन मिलिमीटरचा मऊ खोबणीसारखा पट्टा पुरतो. आणि केस. मी वेणी पाठीवर ओव्हरऑलमध्ये सोडते. पण ज्या मुलींचे केस खांद्यापर्यंतच आहेत त्यांना मानेशी बुचडा बांधावा लागतो, आणि तो हेल्मेटला मागून ढकलतो. हेल्मेट पुढे झुकलं तर त्याचं मान-रक्षकाशी, म्हणजे धडकेत मानेला झटका बसू नये म्हणून हेल्मेटला जोडलेल्या साधनाशी, असलेलं नातंच बिघडतं. आज इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फॉर्म्युला आणि बाहा संघांत, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धांत, मुली गाडी चालवतात. फॉर्म्युला स्पर्धेच्या नियमात स्पष्ट आहे की बालाक्लाव्हाने डोकं, केस आणि मान झाकली पाहिजे. केस झाका म्हणायचं आणि केसांना जागा ठेवायची नाही, हे बरोबर नाही.

धुण्याबद्दलही कुणी सांगत नाही. मला माहीत असलेल्या बहुतेक घरांत बालाक्लाव्हा बाकीच्या कपड्यांबरोबर धुतला जातो, वर सुवासिक सॉफ्टनर घातला जातो आणि गच्चीवर कडक उन्हात वाळतो. तिन्ही चूक. सॉफ्टनरचा थर स्वतः पेट घेतो. क्लोरीनचं ब्लीच अरामिडचा धागा कमजोर करतं, आणि ऊनही. कापसाला रसायन लावून केलेला स्वस्त प्रकार असेल तर जड पाणी आणि साबण यांचा थर त्याच्या गुणावर बसतो. लेबलवर हे असतं, पण इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये, नखाएवढ्या अक्षरात. ज्या माउलीच्या हातात ते धुणं आहे तिला वाचता येईल असं एक लेबल शिवायला किती खर्च येतो, हे मी सांगू शकते. जवळजवळ काहीच नाही.

तपासणीबद्दल स्क्रुटिनियर मंडळींना आदराने एक सांगायचं आहे. २०२२ साली एफआयएने फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरांची अंतर्वस्त्रं आणि दागिने यांवर कडक लक्ष घातलं, त्यावरून जगभर चर्चा झाली. मी त्या कडकपणाच्या बाजूची आहे. पण आपल्याकडे सकाळी टेबलावर बालाक्लाव्हा उलटा करून लेबल बघितलं जातं, टिक होते, आणि दिवसभर तो डोक्यावर कसा बसला आहे हे कुणी बघत नाही. ८८५६-२०१८ हा एफआयएच्या आगरोधक कपड्यांच्या मानकाचा आकडा लेबलवर असणं आवश्यक आहे. पण तो टोपी कॉलरमध्ये खोचलेली आहे की नाही हे सांगत नाही. डोकं डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर घेर बाहेर येतो का, हे बघायला दहा सेकंद लागतात. त्या मे महिन्यात स्टेजच्या सुरुवातीला मार्शलने, म्हणजे तिथे नेमलेल्या स्पर्धेच्या माणसाने, ते दहा सेकंद घेतले असते, तर माझ्या भावाच्या गळ्यावर ती पट्टी नसती. मीही घेतले असते तर नसती.

त्या घटनेनंतर मी युनिटमध्ये रात्री बसून सात नमुने शिवले. पहिले तीन वाईट होते. पहिल्यात मानेला पुरेशी माया सोडली नव्हती; दुसऱ्यात कानावर शिवण आली आणि इअरफोनची गोळी रुतायला लागली; तिसरा भावाने घातला आणि पाच मिनिटांत काढला. चौथ्यापासून मी डोक्याचा घेर एकट्याने धरणं सोडून दिलं आणि तीन मापं घ्यायला लागले : कपाळाचा घेर, हनुवटीखालून टाळूपर्यंतचा घेर, आणि कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंतची मानेची लांबी. तिसरं माप कुणीच घेत नाही, आणि घेर कॉलरमधून निसटतो तो त्याच्यामुळेच. सातव्या नमुन्यात टाळूवर शिवण नाही, मानेच्या दोन्ही बाजूंना कळ्या आहेत, पुढचा आणि मागचा पदर छातीवर आणि पाठीवर वीतभर खाली जातो, आणि दुहेरी कापडाचं सगळं वजन जबडा, गळा आणि मान इथे ठेवलं आहे. टाळूवर वीण मोकळी आहे, कारण तिथे वरून हेल्मेट आहेच. ती किती मोकळी ठेवली तर प्रमाणात बसेल, हे चाचणीच सांगेल.

एक स्पष्ट करते, म्हणजे कुणी उद्या माझ्या नावावर भलतं करू नये. हे नमुने आम्ही फक्त उभ्या गाडीत, हेल्मेट घालून, उन्हात बसून बघितले आहेत. एकही नमुना स्पर्धेत वापरलेला नाही, वापरू देणारही नाही. आगीची चाचणी घरात होत नसते. ती मुंबईतल्या बीटीआरए किंवा सास्मिरासारख्या कापड संशोधन संस्थांच्या दारात न्यावी लागेल, आणि पुढे एफआयएच्या होमोलोगेशनसाठी, म्हणजे अधिकृत मान्यतेसाठी, मान्य प्रयोगशाळेत. तो खर्च माझ्यासारख्या बारा मशिनच्या युनिटला एकट्याने पेलणारा नाही. केंद्राने २०२० मध्ये १४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केलं, ते अशाच कामांसाठी असावं अशी माझी समजूत आहे. पण तिथे अर्ज करतानाही ‘याला मागणी आहे’ असं सांगणारं कुणीतरी लागतं. ती मागणी तुम्ही आहात.

माझं मागणं असं.

क्लबांनी ‘फ्री साइज’ची ऑर्डर थांबवावी. बालाक्लाव्हा किमान चार मापांत आणि मानेच्या दोन लांबींत घ्यावा, आणि प्रत्येक स्पर्धकाला एक नव्हे, दोन नग द्यावेत. दुपारच्या सर्व्हिसला कोरडा बालाक्लाव्हा बदलणं टायर बदलण्याइतकं सवयीचं व्हावं. दोन नगांचा खर्च जड होत असेल तर प्रवेश शुल्क वाढवा. मी पहिली भरेन.

स्टेजच्या सुरुवातीला मार्शलने पट्टा आणि हेल्मेटबरोबर गळ्याकडेही एक नजर टाकावी. दंडासाठी नाही, खोचायला सांगण्यासाठी. आणि एखाद्याने बालाक्लाव्हा वर ओढलेला किंवा बाहेर काढलेला दिसला, तर चूक नोंदवताना कारणही नोंदवावं : काचला, भिजला, दिसेना, बोलता येईना. वर्षभर अशा नोंदी साठल्या की कुठला नमुना टाकून द्यायचा हे आपोआप कळेल. आज आपल्याकडे अशी एकही नोंदवही नाही.

बनवणाऱ्यांनी शिवणीचा दोरा कुठला आहे हे लेबलवर लिहावं. धुण्याच्या सूचना मराठी, हिंदी, तमिळमध्ये छापाव्यात. आणि नवीन नमुना बाजारात आणण्याआधी तो आपल्या उन्हात, आपल्या माणसांच्या डोक्यावर, को-ड्रायव्हर आणि चष्मेवाले आणि लांब केसांच्या मुली धरून, किमान एक पूर्ण दिवस घालायला द्यावा.

आणि ज्या क्लबने ती यादी पाठवली त्यांना वेगळी विनंती. तुमचा हेतू चांगला आहे हे मी जाणते. नव्या मुलांना साहित्य देणारे तुम्ही पहिलेच आहात, आणि ज्या मुलाला स्वतःचं ओव्हरऑल घेणं शक्य नव्हतं तो तुमच्यामुळे या हंगामात स्टार्ट लाइनला उभा राहील. म्हणूनच त्याच्या डोक्यावर काय असेल याची मला काळजी आहे. तो नवा आहे. त्याला काचलं तर तो बोलणार नाही, त्याला वाटेल हे असंच असतं. माझ्या भावालाही चार वर्षं तसंच वाटत होतं.

ऑर्डर पक्की करण्याआधी एक रविवार द्या. जागा माझ्या युनिटची, शिलाई माझी, कापडही माझं. खाकी कागदावर चार मापांचे पॅटर्न कापून तयार आहेत, भाऊ मापं घ्यायला बसेल. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरने आणि को-ड्रायव्हरने आपण सध्या वापरतो तो बालाक्लाव्हा न धुता आणावा, त्यावरच्या घामाच्या आणि घासल्याच्या खुणांवरून मला बरंच कळतं. आणि स्वतःचं हेल्मेट आणावं, दुसऱ्याचं नको.

कळावे,

आपली,
एक को-ड्रायव्हर
कोल्हापूर